किशोरवयीन मुलांची खोली नव्याने लावताना: क्रम पाळला की खर्च आवरतो

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलांना स्वतःच्याच खोलीचा कंटाळा येऊ लागतो. कपाटावर चिकटवलेली कार्टूनची चित्रे, गुडघ्याला लागणारे ठेंगणे टेबल, खेळण्यांनी भरलेले रॅक आणि पाच वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने निवडलेला भिंतीचा रंग, हे सारे आता दुसऱ्या कुणाचे तरी वाटते. अशा वेळी पालक थेट खरेदीला निघतात आणि बहुतेकांचे अंदाजपत्रक तिथेच कोलमडते. माझा अनुभव असा आहे की खोलीवरचा खर्च महागड्या वस्तूंमुळे जितका वाढतो, त्याहून अधिक तो कामांचा क्रम चुकल्यामुळे वाढतो. पडदे आधी घेतले आणि भिंतीचा रंग नंतर ठरला, तर पडदे बदलावे लागतात. रंग आधी दिला आणि फळ्या नंतर ठोकल्या, तर तीच भिंत पुन्हा रंगवावी लागते. म्हणून पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, शक्यतो त्याच क्रमाने कराव्यात.

आधी बोलणे, मग मोजणे

खोली कुणाची आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलेले बरे. रंग, चित्रे, चादरी, दिव्यांच्या माळा यांचा निर्णय मुलाने किंवा मुलीने घ्यावा. वीज, जड सामानाची बांधणी आणि एकूण रक्कम यांचा निर्णय मोठ्यांनी घ्यावा. ही वाटणी आधी झाली की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत. रक्कमही मुलांपासून लपवू नये. ती एका कागदावर लिहून त्यातील दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला काढावा आणि उरलेली रक्कम कुठे वापरायची, हे त्यांनाच मांडायला सांगावे. नव्या खुर्चीसाठी गालिचा सोडायचा की गालिच्यासाठी खुर्ची, हा हिशेब मुले आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ शहाणपणाने करतात.

बोलताना ‘तुला खोली कशी हवी?’ असा मोघम प्रश्न विचारला तर इंटरनेटवर पाहिलेले एखादे चकचकीत चित्र समोर येते. त्यापेक्षा ‘तू अभ्यास कुठे करतोस, मित्र आले की कुठे बसतात, रोज कोणती वस्तू सापडत नाही?’ असे विचारावे. उत्तरांतून खोलीची खरी गरज कळते. अभ्यास पलंगावर होत असेल तर टेबल चुकीच्या जागी आहे किंवा त्यावर उजेड पडत नाही, असा त्याचा अर्थ असतो.

त्यानंतर टेप घेऊन खोली मोजावी. लांबी, रुंदी, उंची, दार कोणत्या बाजूला उघडते, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचावर आहे आणि विजेची बटणे व सॉकेट कुठे आहेत, हे सारे चौकटीच्या कागदावर एका फुटाला एक चौकट या प्रमाणात काढावे. पलंग, टेबल आणि कपाट यांचे त्याच प्रमाणात कागदी तुकडे कापून ते नकाशावर सरकवून पाहिले, म्हणजे जड पलंग चार वेळा ओढण्याचे श्रम वाचतात. ये-जा करण्याच्या वाटेत किमान दोन ते अडीच फूट मोकळी जागा राहिली पाहिजे आणि कपाटाचे दार पूर्ण उघडले पाहिजे.

खोली खरोखर रिकामी करणे

ही पायरी सर्वांनाच नकोशी असते आणि खोलीत सर्वांत जास्त फरक हीच पाडते. सामान कोपऱ्यात सरकवून ठेवणे म्हणजे रिकामे करणे नव्हे. पलंग आणि कपाट वगळता सगळे खोलीबाहेर काढावे आणि बाहेरच त्याचे वर्गीकरण करावे: रोज लागणारे, कधीतरी लागणारे, आठवण म्हणून ठेवायचे आणि द्यायचे. आठवणींच्या वस्तूंसाठी एकच खोका ठरवावा. तो भरला की नवी वस्तू ठेवण्यासाठी एखादी जुनी बाहेर काढायची, हा नियम मुलांनाही पटतो. मात्र त्यांच्या वस्तू त्यांच्या अपरोक्ष टाकू नयेत. एखादे कान तुटलेले खेळणे आपल्याला अडगळ वाटते, पण ते त्यांना तसे वाटेलच असे नाही.

रिकाम्या खोलीत एक रात्र झोपून पाहायला मुलांना आवडते आणि त्याचा उपयोगही होतो. पंख्याचा आवाज, दाराच्या फटीतून येणारा उजेड, खिडकीची करकर हे दोष तेव्हाच लक्षात येतात.

भिंतीची तपासणी

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी भिंतीवरून तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर त्या भिंतीवर चुना किंवा जुने डिस्टेंपर आहे आणि त्यावर थेट इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, दिल्यास काही महिन्यांत पोपडे निघतील. अशी भिंत ओल्या स्पंजने धुऊन किंवा पत्र्याच्या पट्टीने खरवडून घ्यावी लागते. भिंतीवर काळपट ठिपके किंवा फुगवटे दिसत असतील तर ओल कुठून येते ते आधी शोधावे. गळकी नळी, बाहेरच्या भिंतीतील भेग किंवा खिडकीखालची फट दुरुस्त न करता वरून दिलेला रंग म्हणजे ओल्या कपड्यावर घातलेला कोट. तो टिकत नाही आणि आतली बुरशी तशीच राहते.

खिळ्यांची भोके आणि बारीक भेगा लांबीने, म्हणजेच पुट्टीने, भराव्यात. एका वेळी जाड थर न देता दोन पातळ थर द्यावेत, कारण जाड थर वाळताना आकसतो आणि मधे खड्डा पडतो. पूर्ण वाळल्यावर १८० किंवा २२० क्रमांकाच्या सँडपेपरने हलक्या हाताने घासून घ्यावे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी. नवशिक्यांकडून इथे एक गोष्ट हमखास राहते: भरलेल्या जागांवर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, लावणे. लांबी रंग अधिक शोषते, त्यामुळे प्रायमर न लावल्यास रंग दिल्यानंतरही त्या जागा निस्तेज डागांसारख्या दिसत राहतात. घर फार जुने असेल आणि भिंतीवर किंवा दारावर जुन्या तेलरंगाचे थर असतील, तर ते कोरडे घासू नयेत. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ आरोग्याला घातक असते. असे काम जाणकाराकडे सोपवावे.

रंग: किती, कोणता आणि कसा

आधी हिशेब करू. खोली १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंच असेल, तर चारही भिंतींची एकत्रित लांबी ४४ फूट आणि क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. दार-खिडकी वजा करता सुमारे ४०० चौरस फूट उरतात. चांगल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला, म्हणजे रंगाच्या एका थराला, साधारण १०० ते १२० चौरस फूट पुरते. दोन हात द्यायचे असल्याने अशा खोलीला सात ते आठ लिटर रंग लागेल. डब्यावर व्याप्तीचा आकडा छापलेला असतो. अंतिम हिशेब त्यावरूनच करावा. खडबडीत भिंत रंग अधिक खाते, हेही ध्यानात ठेवावे.

रक्कम कमी असेल तर एकच भिंत रंगवावी. वरच्याच मापाच्या खोलीत १२ फुटांच्या एका भिंतीला दोन-अडीच लिटर रंग पुरतो. बाकीच्या भिंती नुसत्या स्वच्छ धुतल्या तरी खोली नवी वाटते. पलंगाच्या डोक्याकडची भिंत यासाठी सर्वांत योग्य ठरते, कारण खोलीत शिरताच ती समोर दिसते आणि झोपताना किंवा अभ्यास करताना मात्र नजरेसमोर येत नाही.

या वयाच्या मुलांना गडद रंग हवे असतात आणि मोठ्यांचा त्याला विरोध असतो. माझ्या मुलीने गडद जांभळा रंग मागितला, तेव्हा मीही आधी नाहीच म्हटले होते. शेवटी आम्ही त्या रंगाचा सर्वांत लहान डबा आणला, दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर दोन हात दिले आणि तो पुठ्ठा चार दिवस खोलीत वेगवेगळ्या भिंतींना टेकवून ठेवला. सकाळी तो सुरेख दिसे, दुपारी तपकिरी भासे आणि रात्री दिव्याखाली अगदी काळा होई. तिसऱ्या दिवशी तिनेच एक छटा फिकी निवडली. थेट भिंतीवर पट्टे ओढून पाहण्यापेक्षा पुठ्ठा केव्हाही बरा, कारण भिंतीवरचा जुना रंग शेजारी असल्याने डोळा फसतो आणि ते पट्टे झाकायला नंतर आणखी एक हात द्यावा लागतो. छोट्या नमुनापत्रावरची छटा पूर्ण भिंतीवर अधिक गडद वाटते, म्हणून दोन छटांमध्ये मन अडकले तर फिकी निवडावी.

प्रत्यक्ष रंगकाम वरून खाली करावे: आधी छत, मग भिंती, शेवटी चौकटी. जमिनीवर जुनी चादर किंवा जाड कागद अंथरावा. प्लॅस्टिक घसरते आणि त्यावर सांडलेला रंग लवकर वाळत नसल्याने पायाला लागून घरभर फिरतो. सॉकेटची झाकणे काढायची असतील तर मुख्य बटण बंद करूनच काढावीत. कडांना मास्किंग टेप लावून ती बोटाने घट्ट दाबावी. आधी दोन इंची ब्रशने कोपरे आणि कडा भराव्यात आणि त्या ओल्या असतानाच शेजारचा भाग रोलरने रंगवावा. कड वाळल्यावर रोलर फिरवला तर दोन्हींच्या सीमेवर पट्टा दिसतो. रोलर रंगात बुडवून ट्रेच्या उतारावर निथळावा. तो टपकत असेल तर रंग जास्त आहे आणि भिंतीवर चर्रचर्र आवाज करत असेल तर कमी आहे. पहिला हात ठिगळ्याठिगळ्यांचा दिसतो, त्याने घाबरून जाऊन तिथल्या तिथे पुन्हा रोलर फिरवू नये. डब्यावर दिलेला वेळ, पाण्यात मिसळणाऱ्या रंगांसाठी बहुधा चार तासांच्या आसपास, थांबून दुसरा हात द्यावा. टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच तिरकी ओढून काढावी. रंग कडक वाळल्यावर काढल्यास तिच्यासोबत रंगाची कडही निघून येते.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वास जाईपर्यंत मुलांना दुसरीकडे झोपवावे.

जुन्या सामानाला नवे रूप

नवे कपाट घेण्यापूर्वी जुन्याच्या मुठी बदलून पाहाव्यात. सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त बदल दिसतो तो इथे. मात्र जुनी मूठ काढून तिच्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. ते बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असते आणि नवी मूठ त्याच अंतराची घेतली तर नवी भोके पाडावी लागत नाहीत. दाराची जाडीही मोजावी, नाहीतर स्क्रू आखूड पडतात. मी एकदा हे न मोजता आठ मुठी आणल्या आणि आठही परत कराव्या लागल्या.

लाकडी टेबल किंवा खुर्ची रंगवताना जुने पॉलिश घासून पृष्ठभाग खरबरीत करून घेणे पुरेसे असते. सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र रंग धरत नाही. त्यासाठी घासल्यावर चिकटून राहणारा खास प्रायमर आधी लावावा लागतो. हे कष्ट नको असतील तर चिकटवायचा व्हायनल कागद हा पर्याय आहे. तो लावताना मागचा कागद एकदम न काढता चार-चार इंच सोलत जावा आणि कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत जावा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत.

अभ्यासाच्या जागेवर खर्च करायचा तो खुर्चीवर करावा. टेबल साधे असले तरी चालते. २८ ते ३० इंच उंचीची कोणतीही मजबूत फळी टेबलाचे काम करते. खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि हात टेबलावर ठेवल्यावर कोपर काटकोनाच्या जवळपास राहिला पाहिजे. पाय लोंबकळत असतील तर खाली एखादा खोका ठेवावा. संगणक असेल तर त्याचा पडदा खिडकीशी काटकोनात ठेवावा. खिडकीसमोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवल्यास डोळ्यांवर किंवा पडद्यावर चमक येते.

उंच रॅक आणि कपाटे भिंतीला लोखंडी पट्टीने बांधणे हे सजावटीचे काम नसले तरी ते टाळू नये. या वयातली मुले खालच्या फळीवर पाय देऊन वरची वस्तू काढतात. भिंतीवरच्या फळीचेही तसेच आहे. पुस्तकांची एक फूट लांबीची भरगच्च रांग सहज आठ-दहा किलोंची होते. त्यामुळे पुस्तकांची फळी चिकटपट्टीवर किंवा नुसत्या खिळ्यावर न टांगता भिंतीत प्लग बसवून स्क्रूने आवळावी. ही भोके, सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे, रंग देण्यापूर्वीच पाडून घ्यावीत. ती पाडताना सॉकेट आणि बटणांच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेतील जागा सोडाव्यात, कारण आतल्या तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात.

उजेड

छताला एकच पांढराफटक दिवा असलेली खोली कितीही सजवली तरी प्रतीक्षालयासारखी दिसते. तीन वेगवेगळे उजेड असावेत: संपूर्ण खोलीचा, टेबलावरचा आणि झोपण्यापूर्वीचा मंद. दिवा घेताना वॅटपेक्षा डब्यावरचे दोन आकडे पाहावेत. लुमेनवरून उजेड किती ते कळते. ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो. केल्विनवरून उजेडाचा रंग कळतो: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. टेबलावर ४००० आणि पलंगाजवळ २७०० अशी विभागणी सोयीची पडते. टेबलावरचा दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तासांची झोप लागते आणि या वयात झोप येण्याची वेळ नैसर्गिकरीत्याच पुढे सरकते. त्यामुळे दिव्यांच्या माळा लावायला हरकत नसली तरी त्यांचे बटण पलंगावरून हाताला लागेल असे असावे आणि फोन चार्ज करण्याची जागा पलंगापासून दूर, शक्यतो दाराजवळ असावी. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड जोडू नये आणि तारा गालिच्याखालून नेऊ नयेत.

पडदे, चादरी आणि भिंतीवरची चित्रे

पडद्याची दांडी चौकटीला चिकटून न लावता चार ते सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच बाहेर लावली, तर खिडकी मोठी भासते आणि दिवसा पडदे बाजूला सारल्यावर उजेड अडत नाही. कापड खिडकीच्या नव्हे तर दांडीच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट रुंद घ्यावे. त्याहून कमी घेतल्यास पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. जुने पडदे चांगले असतील तर फक्त मागे गडद अस्तर शिवून घ्यावे. घरातल्या चांगल्या पण वापरात नसलेल्या चादरींपासून उशांचे अभ्रे होतात. भिंतीच्या रंगातला एखादा तरी धागा त्यांत असला की जुळवाजुळव आपोआप होते.

चित्रे, छायाचित्रे आणि पोस्टर हे सर्वांत शेवटी. एकेक करून लावत गेल्यास भिंत विस्कळीत होते. सारी चित्रे आधी जमिनीवर मांडावीत, मनाजोगी मांडणी झाली की फोनवर छायाचित्र घ्यावे, मग वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून ते टेपने भिंतीवर लावून दोन दिवस पाहावे. उभ्याने पाहायच्या मांडणीचा मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर ठेवतात. पलंगावर किंवा जमिनीवर बसून पाहायची असेल तर तो खाली घ्यावा. मुलांची आवड सहा महिन्यांत बदलते, म्हणून प्रत्येक पोस्टरसाठी वेगळा खिळा ठोकण्यापेक्षा एक मोठा सॉफ्टबोर्ड किंवा भिंतीभर ताणलेली तार आणि चिमटे अधिक उपयोगी पडतात. सोलून काढता येणारे हुक गुळगुळीत इमल्शनवर चांगले बसतात, पण रंग पूर्ण मुरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, ते लावू नयेत. डिस्टेंपरवर तर ते रंगासकट खाली येतात.

काम संपल्यावर उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नये, कारण त्यातल्या हवेने त्यावर साय धरते. तो काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे आणि वर छटेचा क्रमांक, भिंत व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. आमच्या घरी पहिले पोस्टर दीड महिन्यातच उतरले आणि त्यासोबत नाण्याएवढा रंगही निघाला. मुलीने बरणी उघडली, जुन्या रंगपेटीतला ब्रश घेतला आणि मला न सांगता ती जागा भरली. ती नेमकी कुठे होती, हे आता मला सापडत नाही.